गॅदरिंगला पोरीला नाही म्हणू नका

धान घरी आलं. चुरणी उरकली. आता तुमच्या लेकराच्या कॉलेजात स्नेहसंमेलनाची नोटीस लागेल. कोणाकडे डिसेंबरच्या शेवटी, कोणाकडे जानेवारीत. आपण सगळे त्याला गॅदरिंगच म्हणतो.

मग एखाद्या संध्याकाळी पोरगी चुलीजवळ येऊन बसेल. हळूच विचारेल, नाचात नाव देऊ का? नाटकात काम मिळतंय, करू का? आठ दिवस प्रॅक्टिस आहे, थोडं थांबू का?

तुमच्या तोंडात आधी 'नाही' येईल. तो 'नाही' जरा आत ठेवा. तिला म्हणा, बस, सगळं सांग. कोण सर बसवतात, सोबत कोण आहे, किती वाजता सुटणार, पैसे किती लागणार. सगळं ऐका. मग ठरवा.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या आई-बापांसाठी मी हे लिहितो आहे. ज्यांच्या घरातलं पहिलंच लेकरू कॉलेजात गेलं, त्यांनी तर जरूर वाचावं. वाचता येत नसेल तर लेकराकडून वाचून घ्यावं.

आपण नाटकाची माणसं आहोत. भाऊबीज झाली की गावोगावी मंडया भरतात. मंडई आली की दंडार आली, नाटक आलं. ते थेट होळीपर्यंत चालतं. वडशाला, म्हणजे कागदावरच्या देसाईगंजला, नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. गावचं मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवून येतं. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो, तो पहाटेपर्यंत. थंडीत चादरी पांघरून बायाबापड्या, म्हातारी माणसं, लहान पोरं जमिनीवर बसून राहतात. घरात पाहुणे असतात. नाटकाला आलेल्या पाहुण्यांतून किती घरच्या सोयरिकी जुळल्या, तुम्हीच सांगा.

2023 साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. ते आपल्या गडचिरोली जिल्ह्यातले. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर त्यांनी पाच हजारांहून अधिक प्रयोग केले. आपल्या मातीतल्या नटाला देशाने मान दिला, तेव्हा तुम्हालाही बरं वाटलं असेल.

आता एक विचारतो. रंगमंचावर बाई रडते तेव्हा तुमच्याही डोळ्यांत पाणी येतं. तिने गाणं म्हटलं की तुम्ही पुन्हा म्हणायला लावता. मग स्वतःची पोरगी कॉलेजच्या रंगमंचावर उभी राहते म्हणाली, की लोक काय म्हणतील, हे कुठून येतं? ती नाटकातली बाईही कोणाच्या तरी घरची पोरगीच आहे.

रंगमंचावर उभं राहिल्याने पोरीला काय मिळतं, तेही सांगतो. कप आणि प्रमाणपत्र सोडून द्या. चारशे माणसांसमोर एक वाक्य मोठ्याने बोलली, की तिचा आवाज मोकळा होतो. तो आवाज पुढे सगळीकडे लागतो. बँकेत लागतो. नोकरीच्या मुलाखतीत लागतो. सासरी लागतो. आपल्याकडे तर ग्रामसभेतही लागतो. तेंदूपत्त्याचा लिलाव, बांबू, वनहक्क, सगळं आता ग्रामसभेत ठरतं. तिथे हिशेब विचारणारी पोरगी तुम्हाला हवी आहे ना? तिला आधी कुठेतरी उभं राहून बोलायची सवय लागू द्या.

पण तुमची भीती खोटी नाही. ती मी हसण्यावारी नेणार नाही. रस्ता, अंधार, जनावर, पैसा, मोबाइल. एकेक घेऊ. रस्त्याचं आधी, कारण बहुतेक घरांत गाडी तिथेच अडते.

या दिवसांत साडेपाच-पावणेसहाला सूर्य बुडतो. सहाला अंधारतं. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, मूल, सावली या पट्ट्यात वाघ आता नवीन राहिला नाही. 2021 पासून छत्तीसगडकडून आलेले रानटी हत्ती गडचिरोलीच्या जंगलात फिरतात. एसटी फाट्यावर सोडते. तिथून गाव दोन-तीन किलोमीटर आत. अशा वाटेवर पोरगी एकटी येऊ नये, हे अगदी बरोबर. पण त्यासाठी नाचच बंद करायचा नसतो. वेळ बदलून घ्यायची असते.

म्हणून पहिलं काम हे करा. तुमच्या गावाला येणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ कागदावर लिहा. तो कागद पोरीच्या हाती सरांकडे पाठवा, नाहीतर फोन करा. म्हणा, आमची शेवटची गाडी साडेपाचची आहे, पोरीला पाचला सोडा, मग आमची ना नाही. सर लोक बहुधा ऐकतात. त्यांना प्रत्येक गावची गाडी माहीत नसते. आपण सांगतच नाही, आणि मग पोरगी यादीतून नाव काढून घेते.

अकरावी-बारावीच्या काही पोरी मानव विकासच्या बसने येतात. ती बस शाळेच्या वेळेने धावते. गॅदरिंगसाठी थांबत नाही. या पोरींची प्रॅक्टिस मधल्या सुट्टीत किंवा शेवटच्या तासाला घ्या, असं तुम्ही कॉलेजात जाऊन सांगा. चार बाप मिळून गेले तर लवकर ऐकलं जातं.

दुसरं काम. एका दिशेच्या गावच्या पोरी एकत्र करा. त्यांच्या घरच्यांशी बोलून घ्या. आज फाट्यावर तुम्ही जा, उद्या शेजारचे जातील. हातात बॅटरी असू द्या. काठी असू द्या. घोळक्याने, बोलत चालायचं. कानात मोबाइलची गाणी लावून चालायचं नाही. वाटेत एकटीने झुडपाकडे जायचं नाही, कडेला वाकून बसायचं नाही. जनावर दिसलं तर तिथूनच मागे फिरायचं. वन विभागाला 1926 वर फोन लावायचा.

कार्यक्रमाच्या दिवशी गाडी ठरवायची असेल तर नीट ठरवा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पोरं भरू नका. काळी-पिवळीत कोंबू नका. चालवणारा प्यायलेला नको, हे आधीच बजावा. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात 2015 ला झाली आणि 2021 ला उठली. कागदावर काहीही असो, गाडीजवळ जाऊन त्या माणसाच्या तोंडाचा वास घेणं हे तुमचं काम.

एसटीत बायांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे. म्हणजे एक-दोन दिवस आईने सोबत जाऊन-येऊन केलं तरी खर्च आवाक्यातला आहे. आईने प्रॅक्टिस बघितली, मॅडमना भेटली, की घरातली अर्धी भीती जाते.

पोरगी वसतिगृहात राहत असेल तर वेगळी तजवीज लागते. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात संध्याकाळी हजेरी असते. गृहपालांना विचारल्याशिवाय उशिरा येता येत नाही. कॉलेजकडून प्रॅक्टिसच्या तारखा आणि वेळा लिहिलेलं पत्र आणायला सांगा. गृहपालांना तुम्हीही एक फोन करा. एटापल्ली-भामरागडकडची पोरगी घरापासून दूर असते. तिथे तिच्या बाजूने बोलायला घरचं कोणी नसतं, म्हणून तो फोन मोठा आहे.

प्राध्यापक मंडळींनाही इथेच विनंती करतो. कार्यक्रम दिवसा घ्या. सकाळी अकराला सुरू करा, चारला आटपा. लाउडस्पीकर रात्री 10 ते सकाळी 6 बंद ठेवायचा, असा 2000 सालचा नियमच आहे. सरकार वर्षातले फार तर 15 दिवस रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं, आणि तीही शांतता क्षेत्र सोडून. रात्रीच्या नाटकाची मजा आपल्याला ठाऊक आहे, पण ती गावात. गावात प्रत्येकाचं घर दहा पावलांवर असतं. कॉलेजात पोरं वीस गावांहून येतात. पाहुण्यांच्या भाषणात दोन तास गेले, की शेवटच्या नाचाच्या पोरी गाडी चुकवतात. भाषणं कमी करा. दूरच्या गावच्या पोरांचे कार्यक्रम आधी ठेवा.

आता तब्येत. यात हयगय करू नका.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. तुमच्या लेकराला सिकलसेल असेल तर ते लपवू नका. बसवणाऱ्या सरांना, मॅडमना एका बाजूला घेऊन सांगा. सिकलसेलच्या लेकराला थंडी बाधते, पाणी कमी पडलं तर बाधतं, फार दमलं तर बाधतं. त्यातून अंगदुखीचा झटका येतो. त्याला नाटकात, गाण्यात काम करू द्या. तासभर उड्या मारायचा नाच नको. पाण्याची बाटली जवळ हवी. नाच झाला की लगेच अंगावर स्वेटर हवा. दुखायला लागलं किंवा ताप आला तर कार्यक्रम संपायची वाट बघायची नाही. थेट दवाखाना. गाडी नसेल तर 108. सिकलसेलचा फक्त वाहक असेल तर सहसा त्रास नसतो. तपासणीच झाली नसेल तर ती करून घ्या, सरकारी दवाखान्यात होते.

संध्याकाळची प्रॅक्टिस असली की डास चावतात. पूर्ण बाह्यांचं घालून पाठवा. थंडी वाजून ताप आला तर दगदगीचा ताप म्हणून घरी बसवू नका. रक्त तपासा. गडचिरोलीत हिवताप किती आहे ते तुम्हाला मी सांगायला नको.

याच दिवसांत 26 जानेवारीचं झेंडावंदन येतं. त्या दिवशी पोरं अंधारात उठून उपाशी निघतात. दोन तास उन्हात उभी राहतात आणि चक्कर येऊन पडतात. रात्रीची भाकर असेल, चहा असेल, पण काहीतरी पोटात घालूनच पाठवा. झेंड्याआधी खाल्लं म्हणून झेंड्याचा मान कमी होत नाही.

आणि खर्रा. ज्यांच्या घरी पोरगा आहे त्यांनी हे नीट ऐका. गॅदरिंगच्या आठ दिवसांत पोरांना खर्ऱ्याची सवय लागते. पडद्यामागे बसतात, एकाने पन्नी काढली की चौघे हात पुढे करतात. पहिला खर्रा बहुधा फुकट मिळतो. कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने बंदी आहे. पानठेला लागून असेल तर प्राचार्यांना सांगा. पण आधी स्वतःच्या खिशातली पन्नी काढून टाका. बापाच्या दातात सुपारी असताना पोराला खर्रा सोड म्हणता येत नाही.

पोराला आणखी एक सांगा. कार्यक्रमात पोरी नाचत असताना शिट्ट्या मारायच्या नाहीत. नाव घेऊन ओरडायचं नाही. त्या शिट्टीने पुढच्या वर्षी दहा पोरींची नावं कमी होतात. कोणाचा बाप मागे उभा असतो, तो ऐकतो आणि घरी जाऊन गॅदरिंग बंद करतो. तुमच्या पोराने शिट्टी मारली नाही, एवढ्याने दुसऱ्याच्या पोरीला रंगमंच मिळतो. हे फार मोठं काम आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही.

पैशाचं थोडक्यात. बहुतेक ठिकाणी प्रवेशाच्या वेळी स्नेहसंमेलनाच्या नावाने काही फी घेतलेली असते. पावती घरात शोधा. वर आणखी वर्गणी मागत असतील तर ती कशाला, हे नम्रपणे विचारा. भाड्याचे चमकीचे ड्रेस घेऊ नका. दोनशे-तीनशे रुपये एका दिवसाला जातात, आणि ड्रेस घाम लागलेला, धुतलेला नसतो. घरातलं लुगडं काढा. आजीचं नऊवारी असेल तर उत्तम. धोतर, पागोटं, घोंगडी शेजारीपाजारी मिळते. दागिना मात्र खरा देऊ नका. सोन्याची पोत घालून पोरगी गर्दीत जाऊ नये. ज्या घरी पन्नास रुपयेही नाहीत, त्या घरची पोरगी लाजून मागे राहते. तुमच्या पोरीला विचारा, तुझ्या नाचातली अशी कोण आहे. तिचं लुगडं तुमच्या पेटीतून जाऊ द्या.

आता रंगमंचावर काय करायचं, हे. यावर मला जास्त बोलायचं आहे.

पोरं मोबाइलवर सिनेमाचं गाणं लावतात आणि त्यातला नाच जसाच्या तसा बसवतात. बसवू द्या एखादा. तरुण आहेत. पण सगळी गॅदरिंग त्यातच जाऊ नये. गडचिरोलीच्या कॉलेजात आणि मुंबईच्या कॉलेजात तेच गाणं, तोच नाच असेल, तर आपल्या पोरांनी आपलं असं काय दाखवलं?

तुमच्या घरात किती काय आहे, ते बघा. आजीला रोवणीची गाणी येतात. आजोबांनी दंडार केली असेल, त्यांच्या पायाला अजून ठेका आठवतो. कोणाकडे खडी गंमतचा डफ खुंटीला टांगलेला आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजेरी भजनं गावोगाव म्हटली जातात. 16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. दीक्षा घेतलेल्यांच्या वस्त्यांमधून भीमगीतं गाणारे गळे असे आहेत की ऐकत राहावं. माडिया आणि गोंड गावांत रेला नाच आहे. सिरोंच्याकडे तेलुगू गाणी आहेत. चामोर्शी-मुलचेऱ्याकडच्या बंगाली घरांत त्यांची गाणी आहेत. एवढं सगळं एकाच कॉलेजच्या बाकांवर बसलेलं असतं आणि कोणी विचारत नाही.

तुम्ही विचारा. पोरीला आजीजवळ बसवा. दोन गाणी लिहून घ्यायला लावा. मोबाइलमध्ये आवाज भरून ठेवायला लावा. दंडार येणाऱ्या आजोबांना एक दिवस कॉलेजात घेऊन जा. सरांना सांगा, हे शिकवतील. म्हातारा माणूस कॉलेजच्या पोरांसमोर ठेका धरून दाखवतो, तेव्हा त्याचंही वय दहा वर्षांनी कमी होतं. आणि हे शिकवणं उधारीवर टाकता येत नाही. या वर्षी आहे तो आजोबा पुढच्या वर्षी असेलच असं नाही.

एक गोष्ट मात्र करू नका, आणि कोणी करत असेल तर थांबवा. काही ठिकाणी 'आदिवासी नृत्य' म्हणून पोरं अंगाला काळं फासतात, कमरेला पानं बांधतात, हातात भाला घेऊन काहीतरी ओरडत उड्या मारतात. त्याच मांडवात माडिया पोरगी खाली मान घालून बसलेली असते. तिच्या आईने आयुष्यात असं काही केलेलं नसतं. तिला किती लागत असेल, याचा विचार करा. रेला करायचा तर ज्यांचा आहे त्यांना पुढे करा. त्यांना विचारून करा. कोणतं गाणं लग्नातलं, कोणतं सणातलं, कोणतं देवाच्या कामाचं, ते त्यांना ठाऊक असतं. देवाच्या कामाचं गाणं त्यांनी नको म्हटलं तर ते रंगमंचावर आणायचं नाही.

नाटकाचंही तसंच. विषय शोधायला दूर जायला नको. बंड करणाऱ्या बाबूराव शेडमाके यांना इंग्रजांनी 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. त्यांच्या वयाच्या आसपासची पोरं आज कॉलेजात आहेत. 16 ऑगस्ट 1942 ला चिमूर इंग्रजांविरुद्ध पेटलं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाने 2009 साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, तो गावाने एकत्र बसून, बोलून मिळवला. यातल्या प्रत्येकात अर्ध्या तासाची एकांकिका आहे.

आणि रोजचे विषयही आहेत. वाघाने बैल नेला, मग पंचनामा होईपर्यंत घरात काय होतं? सिकलसेल लपवून लग्न जुळवलं, पुढे काय झालं? पोरीला बारावीनंतर थांबवायचं की नाही, यावर एका घरात रात्रभर चाललेला वाद. तुम्ही हे जगला आहात. पोरांना सांगा, ती लिहितील.

लिहितील ते आपल्या बोलीत लिहू द्या. कॉलेजात गेलं की पोरं झाडीबोली बोलायला लाजतात. गोंडी, माडिया तर घराबाहेर काढतच नाहीत. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी याच झाडीबोलीवर आणि दंडारीवर ग्रंथ लिहिले. मोठे लोक ज्या बोलीचा अभ्यास करतात, ती बोलायला आपल्या पोराने का लाजावं? घरी तुम्ही त्याच्या बोलण्यावर हसू नका. पुणेरी बोलायचा प्रयत्न करून नाटक पडतं. घरच्या बोलीत बोललं की पोरगी अडखळत नाही.

मोबाइलबद्दल सावध राहा. कार्यक्रमात पन्नास मोबाइल वर होतात. पोरीचा नाच कोणीतरी काढतो, त्याला घाणेरडं काही जोडतो आणि पसरवतो. म्हणून आधीच कॉलेजला विचारा, व्हिडिओ कोण काढणार? कॉलेजने एकाच माणसाला काढायला लावावा, तोच सगळ्यांना द्यावा. मेकअपच्या आणि कपडे बदलायच्या खोलीत मोबाइल न्यायचाच नाही. खोलीला कडी हवी, खिडकीला पडदा हवा, दारात मॅडम हव्यात. हे बघायला आईने एकदा तिथे जाऊन यावं.

काही वावगं झालं तर पोरीला बोलू नका. 'तूच गेली होतीस ना नाचायला', हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. ते वाक्य ऐकलेली पोरगी पुन्हा तुम्हाला काही सांगणार नाही, आणि तेच सर्वांत धोक्याचं. प्रत्येक कॉलेजात अशा तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. तिच्यात कोण मॅडम आहेत, ते आधीच विचारून ठेवा. व्हिडिओ पसरवला असेल तर सायबरचा क्रमांक 1930. तातडीची मदत हवी असेल तर 112. हे दोन्ही आकडे भिंतीवर लिहून ठेवा.

एखादी पोरगी, एखादा पोरगा खरंच चांगला निघतो. मग पुढची पायरी येते. गोंडवाना विद्यापीठ 2011 साली झालं, ते आपल्या दोन जिल्ह्यांसाठीच. विद्यापीठाचा युवा महोत्सव असतो. त्यात लोकनृत्य, एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय, नकला, गाणं, चित्रकला असं सगळं असतं. तिथून पुढे राज्यभरातल्या विद्यापीठांचा इंद्रधनुष्य महोत्सव. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे मुक्काम आला. मुक्कामाला पाठवताना सोबत कोणत्या मॅडम आहेत, राहायचं कुठे, परत कधी, हे लिहून घ्या. मॅडमचा नंबर घ्या. मग पाठवा. बाहेरच्या पोरांसोबत चार दिवस राहिलेली पोरगी घरी येते, तेव्हा तिच्या बोलण्यातला फरक तुम्हालाच कळतो.

काहींना वडशाच्या कंपनीतून बोलावणं येतं. गळा चांगला असेल, तबला चांगला असेल, तर येतंच. त्याला कमी लेखू नका. ते कामच आहे, आणि आपल्या भागात त्यावर कितीतरी घरं चालतात. पण बी.ए. अर्ध्यावर सोडून सीझनला जाऊ देऊ नका. सीझन दिवाळी ते होळी, आणि त्याच्या मध्येच सेमिस्टरच्या परीक्षा. आधी परीक्षेच्या तारखा लिहून कंपनीला द्या. एका प्रयोगाचे किती पैसे आणि ते कधी मिळणार, हे कागदावर घ्या. प्रयोग संपल्यावर पहाटे झोपेत गाड्या धावतात. ड्रायव्हरला झोप मिळते की नाही, ते विचारा. पोरीला पाठवत असाल तर पहिल्या चार प्रयोगांना घरचं कोणीतरी सोबत जावं.

राहिलं तुमचं जाणं. गॅदरिंगची तारीख कळली की त्या दिवसाचं काम घेऊ नका. एक दिवसाची मजुरी बुडेल, ती बुडू द्या. आजीला न्या, धाकट्याला न्या. कॉलेजच्या मांडवात गेलं की आपण मागे भिंतीला टेकून उभे राहतो. खुर्च्या साहेबलोकांच्या आहेत असं वाटतं. तसं नाही. ज्यांची लेकरं रंगमंचावर आहेत त्यांच्या त्या खुर्च्या आहेत. पुढे जाऊन बसा. पायात चप्पल धुळीची असली तरी बसा.

तिचं काम झालं की काय चुकलं ते लगेच सांगू नका. वाक्य विसरली असेल, पाय चुकला असेल, ते तिला तुमच्याआधी कळलेलं असतं. पाणी द्या, स्वेटर द्या, खायला द्या. आणि ज्या सरांनी, मॅडमनी बसवलं, त्यांना भेटून या. तुमची शेवटची गाडी त्यांनी लक्षात ठेवली असेल तर तसं त्यांना बोलून दाखवा. ठेवली नसेल, तर पोरगी कशी घरी आली, तेही शांतपणे सांगा, म्हणजे पुढच्या वेळी तिचं नाव यादीत वर राहील.